उष्णता बरोबर होती

आबांच्या हातात काहीही द्या, ते आधी तळहातावर तोलून बघत. पेरू असो, पोस्टाचं पाकीट असो, नाहीतर भट्टीवरच्या एखाद्या बाईचं तान्हं मूल असो. मूल दोन्ही हातांवर घेऊन ते वरखाली करत आणि म्हणत, "बेस हाय. दूध पुरतंय ह्याला." माझा जेवणाचा डबा तोलून ते मला सांगत, की आज खानावळवाल्यानं भाजीत हात आखडता घेतलाय. आणि ते बरोबर निघे. मी कामावर रुजू झालो त्या दिवशी माझ्या काखेत रसायनशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक होतं. आबांनी ते मागून घेतलं, तोललं आणि परत दिलं. "लई जड हाय," ते म्हणाले, "आजून कच्चं असंल."

भट्टीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला त्या हसण्याचं कारण कळलं नाही आणि रागही आला. बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेला मी, आणि हा धोतर-बंडीतला म्हातारा माझ्या पुस्तकाला कच्चं म्हणतो!

ही गोष्ट पन्नास ते साठच्या मधल्या वर्षांतली. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते, कामगारांच्या चाळी बांधल्या जात होत्या आणि चुन्याला भाव आला होता. दिघीच्या पुढे, चऱ्होलीकडे जाणाऱ्या वाटेवर, माळावर एक चुन्याची भट्टी होती. पुण्याच्या मालकांनी ती विकत घेतली आणि आपलीही 'कंपनी' दिसावी म्हणून एक केमिस्ट ठेवला. तो मी. कासारवाडीला एका खोलीत राहायचो आणि रोज सकाळी सायकलवर भोसरीमार्गे माळावर जायचो. माझ्या येण्याआधी तीस-पस्तीस वर्षं ती भट्टी आबाच लावत होते. चऱ्होलीचे. घरी ते आणि म्हातारी, दोघंच. लेक कधीच सासरी गेलेली.

भट्टी म्हणजे दगडी बांधणीची एक उभी, पोकळ विहीर, पण जमिनीच्या वर. बायका पाट्यांनी वरून चुनखडीचे खडे आणि कोळसा थरावर थर टाकत. खाली हवा आत शिरायला चार भोकं ठेवलेली होती. आबा त्यांना भट्टीच्या नाकपुड्या म्हणत. तीन-चार दिवस जाळ चाले, मग भट्टी निवे आणि खालून भाजलेले खडे ओढून काढत. हाच कळीचा चुना.

भट्टी उतरली की पहिला खडा आबांच्या हातात जाई. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता, मालकांचासुद्धा नाही. आबा तो तोलत. चुनखडी नीट भाजली, की तिचं वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. "हलका झाला मंजी जायाचं त्ये निगून गेलं," ते म्हणत. मग तो खडा मडक्यातल्या पाण्यात टाकायचा. सगळे काम सोडून भोवती उभे राहत. खडा चरचरायचा, पाणी उकळायला लागायचं, वाफ वर यायची आणि बघता बघता खड्याचं मऊ पीठ होऊन खाली बसायचं. "बोलला!" आबा म्हणत, आणि मगच बायका पाट्या उचलत. त्या पहिल्या मडक्यातला चुना विकायचा नसे. ज्या मजुराच्या घराची भिंत सर्वांत काळी असेल, त्याच्याकडे तो जाई.

मला हे सगळं आवडायला लागलं होतं, हे मी त्या वेळी कबूल केलं नसतं. मी पुण्याहून जाळाचं तापमान मोजणारा, पोलादी नळीतला पायरोमीटर मागवला होता. आबा जाळापुढं उभे राहिले की मीही शेजारी जाऊन उभा राही. ते विचारत, "केमिष्टसाहेब, आज कसा दिसतोय जाळ? पिकल्या आंब्यावानी, का झेंडूवानी?" मी ऐटीत उत्तर देई. मला वाटे, म्हातारा माझी परीक्षा घेतोय. एक दिवस दुपारी मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे धरला आणि त्यांचा हात तांब्याच्या वीतभर डावीकडे गेला. दुसऱ्यांदाही तसाच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा माझी परीक्षा घेत नव्हता, माझे डोळे उसने घेत होता.

आबांनी तांब्या चाचपून घेतला आणि खाली ठेवला. "कुनाला बोलू नका," ते हळूच म्हणाले. "भट्टीवाल्याचं डोळं गेलं म्हनलं, की मानूस गेला. हितनं उठलो तर मी जाऊ कुटं? घरी बसून म्हातारीचं तोंड बघू? त्ये बी आता दिसत न्हाई."

मी शपथ घेतली. आणि खरं सांगतो, त्यांचं काम कुठं अडत नव्हतं. जाळ त्यांना गालावर कळे, भट्टीचा आवाज कानाला कळे, आणि शेवटचा निवाडा तळहात करी. पण मालकांना हे कोण पटवून देणार? ती भट्टी म्हणजे आबांची भाकरी होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तिथं उभे असेपर्यंतच ते आबा होते.

आमची गट्टी जमली ती त्या दिवसापासून. मला शिकवायची हौस फार. एकदा कल्हईवाल्याकडून नवसागराची पुडी आणली आणि पितळी पेल्यातल्या पाण्यात टाकून आबांचा हात पेल्याला लावला. पेला गारठला होता. आबांनी हात झटकन मागं घेतला.

"ह्यो जादूचा खेळ हाय का काय?"

"जादू नाही आबा. नवसागर पाण्यात पसरायला ऊब लागते. ती तो पाण्यातूनच ओढून घेतो."

त्यांनी पेल्याला पुन्हा बोटं लावली. मग म्हणाले, "मंजी पदरची ऊब खर्चून पसारतोय. इतकी त्याला मोकळं व्हायाची घाई."

कॉलेजात एन्ट्रॉपीची व्याख्या मी घोकून लिहिली होती आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. अव्यवस्थेचं माप, वगैरे. आबांनी एका वाक्यात जे म्हटलं, ते त्या व्याख्येत नव्हतं, आणि ते किती खरं आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. मी फक्त हसलो.

दुसऱ्या एका दुपारी मी त्यांना सांगितलं, की भट्टीत दगडातून जो वायू निघून जातो, तोच वायू भिंतीवर लावलेला चुना हवेतून पुन्हा सावकाश ओढून घेतो, आणि वर्षानुवर्षांनी त्याचा पुन्हा दगड होतो. आबांचा विश्वास बसेना. "पुन्यांदा दगुडच? मंग मी जलमभर क्येलं काय?" असं म्हणून ते इतके हसले, की खोकला आला. जाता जाता मात्र भट्टीच्या गिलाव्यावर नखानं ओरखडून पाहत राहिले.

आता मी जे सांगणार आहे, ते मी कितीतरी वर्षं लपवून ठेवलं होतं.

मालकांना एका नव्या वसाहतीच्या बांधकामाचं मोठं काम मिळालं. कोळसा महाग होता आणि मिळायचाही मारामारीनं. मला वाटलं, आपली हुशारी दाखवायची हीच वेळ. भट्टीचं तोंड वर उघडं, उष्णता सगळी आभाळात चाललेली. ते तोंड पत्र्यांनी झाकलं, धूर जायला एक फट ठेवली आणि खालच्या चार नाकपुड्यांपैकी दोन बुजवल्या, तर कमी कोळशात भट्टी तेवढीच तापेल. मी तसा दोन पानी रिपोर्ट लिहिला. मालक खूश झाले. पत्रे आले.

आबांनी पत्रे हातानं चाचपून पाहिले. "केमिष्टसाहेब, वर झाकू नगा. दगडाला नुसतं तापवून भागत न्हाई. त्यातल्या वाऱ्याला जायाला वाट पायजे."

"आबा, वाट आहे की. फट ठेवलीय. आणि शेवटी उष्णता महत्त्वाची. उष्णता मिळाली की दगड फुटणारच."

"तुमी शिकल्यालं हाय," आबा म्हणाले, आणि पत्रे चढवायला त्यांनी स्वतः हात लावला.

भट्टी लागली. माझा पायरोमीटर नेहमीपेक्षा कमी तर नाहीच, उलट थोडा वरचाच आकडा दाखवत होता. मी दिवसातून दहा वेळा तो वहीत लिहीत होतो. चार दिवस जाळ चालला, मग भट्टी निवली आणि उतरली. पहिला खडा आबांनी हातात घेतला, आणि इतर वेळी एकदाच तोलत, तो या वेळी तीनदा तोलला. खडा मडक्यात सोडला. वरचं टरफल थोडं चरचरलं, गळून पडलं, आणि आतला कच्चा गाभा तसाच पाण्यात बसून राहिला. दुसरा खडा तसाच. तिसराही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मडकं बोललं नव्हतं.

मालक त्या दिवशी मुद्दाम गाडी करून आले होते. सबंध भट्टी वाया गेली, आणि वसाहतीच्या कामाचाही भरवसा राहिला नाही. ते संतापानं लाल झाले. तेवढ्यात मजुरांचा मुकादम, ज्यानं आबांचं गुपित कधीतरी हेरलं होतं, पुढं होऊन म्हणाला, "मालक, आबाला दिसत न्हाई. जाळ कळला नसंल. आदीच उतरवली भट्टी."

मालकांनी आबांच्या तोंडासमोर पंजा धरला. "म्हाताऱ्या, किती बोटं आहेत सांग."

वारा होता, आबांच्या पटक्याचं टोक हलत होतं. बायकांनी मान खाली घातली. मग मालक माझ्याकडे वळले.

"केमिस्टसाहेब, तुम्ही सांगा. उष्णता बरोबर होती ना?"

माझ्या हातात वही होती. सगळे आकडे तिच्यात होते.

"होती," मी म्हणालो. "उष्णता बरोबर होती."

मी खोटं बोललो नव्हतो. हेच मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिलो. आणखी एकच वाक्य बोलायचं होतं, की पत्रे मी टाकायला लावले आणि आबा नको म्हणाले होते. पण नोकरी नवी, रिपोर्ट माझ्या सहीचा. आणि खरोखरच चूक कुठं झाली, हे मला त्या क्षणी ठामपणे कळलंही नव्हतं. इतकंच मनाशी धरून मी गप्प बसलो. भित्रा माणूस आपल्या भित्रेपणाला नेहमी असंच काहीतरी सभ्य नाव देतो.

आबांनी खाली वाकून मडक्यातला तो कच्चा गाभा काढला, धोतराला पुसला आणि बंडीच्या खिशात टाकला. पायांनी वाट ओळखत ते चऱ्होलीच्या दिशेनं चालू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तरी त्यांना मी दिसलो नसतो, हा त्या वेळी मला आधार वाटला. इतकी लाज मला पुढं कशाचीच वाटली नाही.

त्या आठवड्यात मी तेच जाडजूड पुस्तक उघडून बसलो. दगड आणि त्यातला वायू यांची एक ओढ असते एकमेकांना धरून राहण्याची. ती मोडायला उष्णता लागते, आणि मी फक्त तीच मोजत होतो. पण दुसरीही एक ओढ असते. दगडात अडकलेल्या वायूच्या कणाला एकच ठरलेली जागा. तो बाहेर पडला, की त्याला असंख्य जागा, असंख्य तऱ्हा. एन्ट्रॉपी म्हणजे या मोकळेपणाची मोजदाद. गारव्यात ही दुसरी ओढ दुबळी असते, म्हणून भिंतीवरचा चुना पुन्हा दगड होतो. तापमान चढलं की ती जोर धरते. या दोघींच्या रस्सीखेचीत दोरी अखेर कुठल्या बाजूला सरकणार, ते सांगते ती मुक्त ऊर्जा. मी भट्टीचं तोंड झाकलं, वारा अडवला, आणि वायू आतच दाटला. बाहेर मोकळी जागाच उरली नाही, तेव्हा मोकळं होण्याची ती ओढही पडली. एरवी जी उष्णता पुरती, तीच आता पुरेना. जितका वायू सुटे, तितकाच परत चिकटे. पुस्तकात हे सगळं होतं, आणि त्या पानावर कॉलेजात असताना मीच लाल पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. आणि आबांनी तेच मला पत्रे चढवण्याआधी एका वाक्यात सांगितलं होतं.

पुढच्या भट्टीला मी गुपचूप पत्रे काढून टाकले, नाकपुड्या मोकळ्या केल्या. चुना उत्तम उतरला. मालक मुकादमाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, डोळस माणूस उभा राहिला की कसा फरक पडतो!" मी तेव्हाही काही बोललो नाही.

दीड-दोन महिने गेल्यावर एका रविवारी सायकल काढली आणि चऱ्होलीला गेलो. आबा ओट्यावर बसले होते. माझ्या सायकलच्या आवाजावरूनच त्यांनी ओळखलं. "या केमिष्टसाहेब. साखळीला त्याल द्या, लई बोंबलतीय." म्हातारीनं गुळाचा खडा आणि पाणी आणून ठेवलं. मी सगळं सांगून टाकलं.

आबांनी ऐकून घेतलं. "मला ठावं हाय," ते म्हणाले. "दगुड हातात आला तवाच कळलं. जड व्हता."

"मग आबा, तुम्ही मालकांना बोलला का नाहीत?"

"बोललो की तुमास्नी. येकदा बोललो. दुसऱ्यांदा बोलायला मी काय शिकल्याला हाय?"

मी म्हणालो, "मी उद्याच मालकांना सांगतो. तुम्ही परत या."

"आता न्हाई." त्यांनी मान हलवली. "डोळं खरंच गेल्यात. मालक खोटं बोललं न्हाई. मुकादम बी न्हाई. तुमी बी न्हाई. कुनीच खोटं बोललं न्हाई, बगा. तरी मी हितं बसलोय."

त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसतं हवापाण्याचं बोलावं तसं बोलले. दाराआड म्हातारी उभी होती, तिनं डोळ्यांना पदर लावला. मग आबांनी कोनाड्यात चाचपून तो खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"ह्यो न्या. मी बसलो असतो ह्येला तोलत, पर आता मला त्येचा काय उपेग? पुन्यांदा कुनी तुमाला उष्णता ईचारली, तर ह्यो आदी हातात घ्या."

मी मालकांना सांगितलं का? नाही. सांगणार होतो. रोज सकाळी भोसरीच्या चढावर सायकल ढकलताना ठरवत होतो. मग पुण्यात एका कॉलेजात जागा निघाली आणि मी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी कॉलेजच्या बांधकामाला चुना घेऊन आलेल्या एका गाडीवानानं सहज बोलता बोलता सांगितलं, की चऱ्होलीचे भट्टीवाले आबा गेले. शेवटी शेवटी दिवसभर ओट्यावर बसून हाताला लागेल ती वस्तू तोलत असत म्हणे. चमचा, वाटी, देवळातला प्रसाद. कशासाठी, ते त्याला कळलं नव्हतं. मला कळलं, आणि मी त्या गाडीवानासमोरच भिंतीला टेकून रडलो.

तीस वर्षं मी शिकवलं. मुक्त ऊर्जेचा धडा आला, की वर्गात दोन खडे फिरवत असे. एक प्रयोगशाळेत भाजलेला कळीचा चुना, फडक्यात गुंडाळलेला. तो दर वर्षी नवा भाजावा लागे, कारण हवेत राहिला की त्याचं पीठ होतं. दुसरा आबांचा. तो तसाच राहिला, तेवढाच जड. पोरं हातात घेऊन तोलत, आश्चर्य करत. मी त्यांना वाऱ्याची गोष्ट सांगे, वाटेची सांगे, आबांचंही सांगे. पत्रे कुणी टाकले, ते सांगत नसे.

शेवटच्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं तो खडा तोलला आणि विचारलं, "सर, हा कच्चा राहिला, म्हणजे भट्टी कमी तापली होती का?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी तिच्या हातातून खडा घेतला.

"नाही," मी म्हणालो. "उष्णता बरोबर होती." आणि मग, त्या माळावर जे वाक्य बोलायचं राहिलं होतं, ते बोललो.